इंग्लंडच्या पानझडी रानात जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन आणि आसपासच्या गावांत राहणारी मराठी कुटुंबं, उन्हाळ्यात लेक-जावयाकडे आलेले आईबाबा, शिकायला आलेली मुलं यांच्याकडून हे प्रश्न वर्षभर येत असतात. उत्तरांसाठी मुख्य उदाहरण म्हणून बर्नहॅम बीचेस घेतलं आहे. (यातलं 'बीच' म्हणजे समुद्रकिनारा नव्हे, ते इथलं एक मोठं पानझडी झाड आहे.) बकिंगहॅमशायरमधलं हे रान स्लाउच्या उत्तरेला काही मैलांवर आहे आणि त्या बाजूला राहणाऱ्यांना तेच सोयीचं पडतं. जिथे दुसरं रान जास्त चांगलं, तिथे त्याचं नाव दिलं आहे.

एक आग्रह सुरुवातीलाच करते. दर वेळी नवं ठिकाण शोधू नका. घराजवळचं एक रान धरा आणि वेगवेगळ्या ऋतूंत तिथेच जा. पानझडी रान एका भेटीत कळत नाही.

जायला सगळ्यात चांगला काळ कोणता?

एकदाच जमणार असेल तर एप्रिलची अखेर ते मेचा पहिला आठवडा, किंवा ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरचा मध्य. पहिल्या वेळी फुलं जमिनीवर असतात, दुसऱ्या वेळी रंग झाडांवर असतो.

हे असं का होतं ते समजायचं असेल तर उजेडाकडे लक्ष द्या. हिवाळ्यात झाडं उघडी असतात, त्यामुळे ऊन थेट मातीपर्यंत पोचतं. मार्चमध्ये त्या उन्हाला ऊब येते. झाडांना पालवी फुटून वरचं छत मिटेपर्यंत मध्ये जेमतेम दोन महिने मिळतात आणि जमिनीलगतच्या बहुतेक फुलझाडांनी आपलं वर्षभराचं काम त्या दोन महिन्यांत बसवलेलं आहे. आधी पिवळी सेलंडाइन आणि प्रिमरोज, मग पांढरी वुड ॲनिमोनी, त्यानंतर ब्लूबेल आणि रानलसूण. मेच्या मध्यापर्यंत बीच आणि ओक पानांनी भरले की खाली गडद सावली पडते आणि बहर ओसरतो. जूनमध्ये आलेले पाहुणे म्हणतात, "सगळं नुसतं हिरवं आहे." बरोबरच आहे, फुलं पाहायला ते महिनाभर उशिरा आलेले असतात. पण जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. ऑफिस सुटल्यावर, जेवण आटोपूनसुद्धा तासभर रानात फिरता येतं. हे सुख जून-जुलैतलंच.

हिवाळ्यातली भेट लोक टाळतात. माझ्या मते ती सगळ्यात शिकवणारी. पानं नसल्याने झाडाचा सांगाडा दिसतो, कुठली फांदी कधी तुटली, कुठे पूर्वी छाटणी झाली ते वाचता येतं. जानेवारी-फेब्रुवारीत हेझल या झुडपाच्या काड्यांवर पिवळे लोंबते तुरे येतात आणि सुतार पक्ष्याचं ठोकणं सुरू होतं. फक्त वेळेचं भान ठेवा. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, आणि रानात अंधार त्याच्याही आधी पडतो.

पानगळ आपल्याकडेही होते. मग इथे वेगळं काय?

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा किंवा मेळघाटातला साग पानं टाकतो तो पाण्याच्या टंचाईमुळे. पाऊस संपून महिने उलटले, माती कोरडी पडली की पानांतून होणारी पाण्याची वाफ झाडाला परवडत नाही. पळस आणि पांगारा तर निष्पर्ण अवस्थेतच फुलतात. म्हणजे आपली पानगळ मुख्यतः कोरड्या दिवसांची.

इथे पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो, टंचाई असते ती उन्हाची आणि उबेची. सप्टेंबरपासून दिवस झपाट्याने आखूड होतात. झाड पानातलं नत्र आणि इतर उपयोगी द्रव्यं खोडाकडे ओढून घेतं, हिरवं रंगद्रव्य मोडतं, आणि आधीपासून पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. काही झाडांत याच वेळी लाल रंग नव्याने तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारठा असेल तर तो लाल जास्त खुलतो. मग देठाच्या बुडाशी बुचासारखा थर तयार होतो आणि पान सुटतं. बीचची पानं आधी पिवळी, मग तांब्यासारखी होतात. ओक सगळ्यांत उशिरा, तपकिरी होत होत गळतो. तरुण बीचच्या खालच्या फांद्यांवर वाळलेली पानं वसंतापर्यंत तशीच राहतात. ते झाड मेलेलं नसतं.

ब्लूबेल कुठे पाहायची? आणि तिच्याबद्दल एवढी काळजी का?

जगातल्या एकूण ब्लूबेलपैकी जवळपास निम्म्या एकट्या ब्रिटनमध्ये आहेत, म्हणून इथे ती जपली जाते. हर्टफर्डशायरमध्ये बर्कमस्टेडजवळची नॅशनल ट्रस्टची (वारसास्थळं आणि निसर्ग राखणारी संस्था) ॲशरिज इस्टेट आणि तिथलं डॉकी वूड हे लंडनकरांचं आवडतं ठिकाण. बीचच्या सरळसोट खोडांखाली जमीन निळी-जांभळी झालेली असते. गर्दी इतकी वाढली की फुलं तुडवली जाऊ लागली, तेव्हापासून बहराच्या दिवसांत तिथे छोटं प्रवेशशुल्क घेतात आणि वाटा आखून देतात. कास पठारावर शुल्क आणि कुंपणं आली तेव्हा झालेली चर्चा ज्यांना आठवते, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पायाखाली आलेली ब्लूबेल मोडते एवढंच नुकसान नसतं. तिची पानं चिरडली की त्या वर्षीचं अन्न कंदात साठत नाही. पुढच्या वर्षी फूल येत नाही, आणि बीपासून नवं रोप फुलायला साधारण पाच वर्षं लागतात. एका फोटोसाठी ताटव्यात बसलेल्या माणसाची जागा पुढची कित्येक वर्षं रिकामी दिसते. वाटेवर उभं राहून, खाली वाकून, कॅमेरा फुलांच्या उंचीवर धरला तर ताटव्यात बसल्यासारखाच फोटो येतो. १९८१ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप उपटणं गुन्हा आहे, आणि रानातल्या ब्लूबेलचे कंद विकण्यावर बंदी आहे.

बागेतून पसरलेली स्पॅनिश ब्लूबेलही दिसेल. ओळख सोपी आहे. इथली मूळ ब्लूबेल एका बाजूला झुकलेली, गडद आणि सुवासिक असते. स्पॅनिश ताठ उभी, फिकी, फुलं दांड्याच्या चहूबाजूंनी, आणि वास जवळजवळ नाहीच.

बर्नहॅम बीचेसमध्ये नेमकं काय पाहायचं?

म्हातारी झाडं. बीच आणि ओकची शेकडो वर्षांची, पोकळ, गाठाळ, पोट सुटलेली झाडं इथे आहेत. अनेकांचं वय चारशेच्या पुढे. त्यांतला ड्रुइड्स ओक तर आठशे वर्षांचा मानला जातो, त्याच्याभोवती कुंपण आहे.

ही झाडं इतकी जगली याचं कारण त्यांची नियमित छाटणी. माणसाच्या डोक्याच्याही वर, गुरांचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर, दर काही वर्षांनी सगळ्या फांद्या उतरवायच्या. लाकूड सरपणाला, खाली गवत गुरांना. या पद्धतीला पोलार्डिंग म्हणतात. ठाणे-रायगडकडच्या वाचकांना राबासाठी ऐन-किंजळीचं कवळ तोडणं माहीत असेल, जात त्याच कामाची. सतत छाटलेलं झाड वर जड होत नाही, वाऱ्याने मोडत नाही, आणि न छाटलेल्या भावंडापेक्षा कितीतरी जास्त जगतं.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी दगडी कोळसा घरोघरी पोचला, सरपणाची गरज सरली आणि छाटणी थांबली. काटकुळ्या फांद्यांचे मोठे जड सोट झाले आणि पोकळ खोडं त्या भाराने उभी फाटू लागली. आता तिथले कर्मचारी वर्षानुवर्षं, थोडं थोडं करून तो भार कमी करतात. एकदम सगळं छाटलं तर म्हातारा बीच मरतो. शिवाय तरुण झाडांची नव्याने छाटणी सुरू केली आहे, म्हणजे तीनशे वर्षांनी त्यांची जागा घ्यायला कोणीतरी असेल. तीनशे वर्षांनंतरचा विचार करून करवत चालवणारी माणसं प्रत्यक्ष काम करताना दिसली तर जरा थांबून बघा. एरवी मोकळेपणाने बोलतातही.

हे रान आज आहे हेसुद्धा गृहीत धरू नये. १८७९ साली ते विक्रीला निघालं होतं आणि जाहिरातीत ते मोठे बंगले बांधायला योग्य असल्याचं म्हटलं होतं. लोकांनी आवाज उठवला, सर हेन्री पीक या खासदारांनी जमीन घेतली आणि १८८० मध्ये रानाचा भाग सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनच्या, म्हणजे लंडनच्या जुन्या शहरभागाच्या पालिकेच्या, ताब्यात दिला. शहरापासून २५ मैलांच्या आतली मोकळी जागा लोकांसाठी घेऊन राखण्याचा अधिकार कॉर्पोरेशनला १८७८ च्या कायद्याने नुकताच मिळाला होता. आज सुमारे २२० हेक्टरचं हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे.

माणसाने एवढी काटछाट केली असेल तर याला खरं जंगल म्हणायचं का?

हा प्रश्न फार चांगला आहे. इंग्लंडमध्ये माणसाचा हात न लागलेलं रान जवळजवळ उरलेलं नाही. निदान १६०० सालापासून सलग रान असलेल्या जागेला इथे 'प्राचीन वनभूमी' म्हणतात. ब्रिटनच्या एकूण जमिनीपैकी अशी जमीन अडीच टक्क्यांच्या आसपास आहे.

आपल्या देवरायांना श्रद्धेने राखलं. तिथलं काटूक तोडायचं नाही हा दंडक होता. इंग्लंडची जुनी रानं टिकली ती रोजच्या उपयोगामुळे. हेझल, ॲश, हॉर्नबीम ही झाडं जमिनीलगत तोडायची, बुंध्यातून नवे धुमारे फुटू द्यायचे, दहा-वीस वर्षांनी पुन्हा तोडायची. कुंपणाच्या काठ्या, अवजारांचे दांडे, लाकडी कोळसा, सगळं त्यातून निघायचं. उत्पन्न देणारं रान कोणी नांगराखाली घालत नसे. सफोकमधलं ब्रॅडफील्ड वूड्स १२५२ पासून याच पद्धतीने, म्हणजे कॉपिसिंगने, राखलं जातंय.

आणि पुन्हा उजेडच. एक तुकडा तोडला की तिथल्या जमिनीवर ऊन येतं. सावलीत दबून राहिलेली प्रिमरोज आणि ॲनिमोनी पुढच्या एक-दोन वसंतांत उसळून येतात, मागोमाग फुलपाखरं. धुमारे वाढून पुन्हा सावली होईपर्यंत शेजारचा तुकडा तोडायला आलेला असतो. म्हणून एखाद्या रानात ओळीने तोडलेले बुंधे आणि रचलेल्या मोळ्या दिसल्या तर जंगलतोड समजून हळहळू नका. विसाव्या शतकात ही कामं थांबली आणि अनेक रानं अंधारली, फुलं आणि फुलपाखरं कमी झाली. माझं मत विचाराल तर या रानांना गेल्या शंभर वर्षांत दुर्लक्षाने केलेलं नुकसान कुऱ्हाडीने केलेल्यापेक्षा कमी नाही.

कुठल्याही रानात शिरता येतं का?

नाही. स्कॉटलंडमध्ये जवळपास सगळीकडे फिरण्याचा हक्क आहे, इंग्लंडमध्ये तसा नाही. बरीच रानं खासगी आहेत आणि तिथे फक्त सार्वजनिक वाटेवरूनच जाता येतं. खांबावर पिवळा बाण असेल तर ती पायवाट, निळा असेल तर घोडेस्वार आणि सायकलींनाही खुली. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० प्रमाणातल्या नकाशांवर या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. वाटेत फाटक लागलं तर उघडं होतं तसं उघडं, बंद होतं तसं बंद ठेवून पुढे जा.

नॅशनल ट्रस्ट, वुडलँड ट्रस्ट, फॉरेस्ट्री इंग्लंड आणि प्रत्येक परगण्याचा वाइल्डलाइफ ट्रस्ट यांची बहुतेक रानं लोकांना खुली असतात. ऑक्सफर्डजवळचं वाइटम वूड्स मात्र विद्यापीठाचं संशोधनाचं रान आहे, तिथे आधी परवाना काढावा लागतो. तो जरूर काढा. तिथे १९४७ पासून ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याचा सलग अभ्यास चालू आहे. वसंत लवकर येऊ लागला, ओकची पालवी आणि तिच्यावरच्या अळ्या लवकर येऊ लागल्या, आणि त्यांच्या मागोमाग हे पक्षीही १९६० च्या दशकापेक्षा सुमारे दोन आठवडे आधी अंडी घालू लागले. हवामानबदल म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून स्पष्ट उदाहरण क्वचित मिळेल.

१ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी हा फेझंटच्या शिकारीचा हंगाम. त्या काळात खासगी रानाजवळ बंदुकीचे बार ऐकू आले तर घाबरू नका, पण वाट सोडू नका.

आईबाबांना गुडघ्यांचा त्रास आहे. त्यांना जमेल का?

बर्नहॅम बीचेस अगदी जमेल. रानातून जाणाऱ्या काही डांबरी रस्त्यांवर गाड्यांना बंदी आहे. त्यांवरून काठी टेकत, बाबागाडी किंवा व्हीलचेअर घेऊन आरामात फिरता येतं. वाहनतळाजवळ कॅफे आणि स्वच्छतागृह आहे, जे बहुतेक रानांत नसतं. वाहनतळाचे पैसे पडतात.

कपडे आणि बूट?

चिखल हाच मुख्य मुद्दा. ऑक्टोबर ते एप्रिल गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन किंवा पाणी न शिरणारे बूट घाला, गाडीत एक जादा मोज्यांचा जोड ठेवा. उन्हाळ्यातही पूर्ण पँट बरी, कारण वाटेच्या कडेला नेटल वाढते आणि तिचा स्पर्श झाला की कातडी बराच वेळ चुरचुरते. साडी नेसून आलेल्या आज्या डांबरी रस्त्यावर मजेत चालतात, कच्च्या वाटेवर काठ भिजतात.

साप, लांडगे, अस्वलं?

लांडगे आणि अस्वलं इंग्लंडमधून शतकांपूर्वी नाहीशी झाली. ॲडर हा एकच विषारी साप आहे. तो लाजाळू आहे, चाहूल लागताच सरकतो. ब्रिटनमध्ये त्याच्या चाव्याने शेवटचा मृत्यू १९७५ साली झाला. तरी चावलाच तर पाय हलवू न देता ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करा.

संध्याकाळी झाडीतून कुत्र्यासारखं एकसुरी भुंकणं ऐकू येतं आणि कुत्रा कुठेच दिसत नाही. ते मुंटजॅक, म्हणजे आपल्या भेकराचा चिनी चुलत भाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो वोबर्नच्या उद्यानात आणला होता, तिथून सुटून दक्षिण इंग्लंडभर पसरला. दिसायला गोड आहे, पण ब्लूबेल आणि कॉपिसचे कोवळे धुमारे फस्त करतो, म्हणून रान राखणाऱ्यांची डोकेदुखी आहे.

बर्नहॅमच्या आणि लंडनच्या ईशान्येकडच्या एपिंगच्या रानात गुरं चरताना दिसतील. एपिंगमधल्या लाँगहॉर्न गायींच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो. ठरवलेली हद्द जवळ आली की पट्टा आवाज करतो आणि गाय वळते, कुंपण लागत नाही. लांब शिंगं पाहून बिचकू नका, मात्र वासरू असेल तर लांबूनच वळसा घाला.

मग काळजी कशाची घ्यायची?

गोचिडीची. इंग्लंडच्या रानातला खरा धोका एवढासा आहे. काही गोचिडींमधून लाइम रोग होतो. मार्च ते ऑक्टोबर जास्त सावध राहा, पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि मुलांची केसांची कड तपासा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका. तेल, रॉकेल, जळती काडी यांतलं काहीही लावू नका. नंतर एक ते चार आठवड्यांत, कधी तीन महिन्यांपर्यंतही, पसरत जाणारा लालसर गोल चट्टा उठला किंवा तापासारखी कणकण आली तर जीपीला (नेहमीच्या डॉक्टरांना) दाखवा आणि रानात गेल्याचं सांगा. भारतात परत गेल्यावर चट्टा उठला तर तिथल्या डॉक्टरांना हे सांगणं जास्तच गरजेचं, कारण त्यांच्या डोक्यात हा रोग पटकन येणार नाही.

मोकळे कुत्रे अंगावर येतात. आईला फार भीती वाटते.

पळायचं नाही, हात वर करायचे नाहीत, बाजूला तोंड करून स्थिर उभं राहायचं आणि मालकाला कुत्रा बोलावून घ्यायला मोठ्याने, नम्रपणे सांगायचं. असं सांगण्यात काही गैर नाही. बर्नहॅम बीचेसच्या एका भागात कुत्रा दोरीलाच हवा असा नियम आहे. भीती वाटणाऱ्यांनी तोच भाग निवडावा, फलकांवर तो दाखवलेला असतो.

डबा नेला तर चालेल?

नक्की न्या. थालीपीठ, पोळीचे रोल, दशम्या, काहीही. शेगडी किंवा बार्बेक्यू पेटवायला मात्र बंदी असते, वाळल्या पानांच्या जाड थराला आग लागली तर ती आटोक्यात येत नाही. साली आणि कागद परत आणा. चिवडा सांडला तर उचला. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्यांना विषारी असतात, आणि मागून येणारा कुत्रा जमीन हुंगतच येतो.

रानलसूण, मशरूम, चेस्टनट, ब्लॅकबेरी तोडू शकतो का?

इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे रानटी वनस्पतीची फळं, पानं, फुलं किंवा मशरूम स्वतःपुरती घेतली तर ती चोरी होत नाही, विकायला घेतली तर होते. पण अनेक राखीव रानांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात. बर्नहॅम बीचेस आणि एपिंग दोन्हीकडे मशरूम काढायला मनाई आहे.

मशरूमबद्दल माझं मत ठाम आहे: हात लावू नका. गावाकडे अळंबी ओळखता येत होती हा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. ओक-बीचखाली उगवणारी डेथ कॅप दिसायला साधी, चवीला वाईट नाही, आणि यकृत निकामी करून जीव घेते. बर्चखालची लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली फ्लाय ॲगॅरिक पाहायला सुंदर आहे, ती पाहण्यासाठीच ठेवा.

रानलसणीची चटणी छान होते हे खरं. मात्र तिच्याच दाटीत लॉर्ड्स अँड लेडीज उगवते. ती आपल्या अळूच्या कुळातली, विषारी, आणि कच्चं अळू घशाला खाजतं त्याहून जास्त त्रास देणारी. प्रत्येक पान वेगळं चुरगळून वास घ्या. मूठभर पानांना एकत्र लसणीचा वास आला यावर विसंबू नका, हातालाच तो लागलेला असतो.

चेस्टनटचे दोन प्रकार. खाण्याच्या स्वीट चेस्टनटच्या वेष्टनावर दाट बारीक काटे असतात आणि फळाला शेंडीसारखं टोक असतं. हॉर्स चेस्टनटचे काटे जाड आणि विरळ, फळ गोल गुळगुळीत, आणि ते विषारी. ब्लॅकबेरी ऑगस्टपासून पिकतात. खालच्यांवर कुत्रे पाय वर करतात, म्हणून गुडघ्याच्या वरच्याच घ्या.

मुलं कंटाळतात. त्यांना काय दाखवावं?

पडलेला ओंडका. त्याच्यावर शेवाळ, बुरशी, गोगलगायी, कीटक असं भरपूर काही असतं. मरून पडलेली झाडं आळसामुळे तशी ठेवलेली नसतात. स्टॅग बीटल या शिंगाड्या भुंग्याची अळी कुजत्या लाकडात कित्येक वर्षं काढते आणि भुंगा होऊन जेमतेम एक उन्हाळा जगते. मे ते ऑगस्टच्या उबदार संध्याकाळी दक्षिण इंग्लंडात तो उडताना दिसतो. म्हणून लाकडं घरी आणायची नाहीत, उलटवलेला ओंडका पुन्हा तसाच ठेवायचा.

शरदात मुलांना 'जे' (Jay) नावाचा पक्षी शोधायला सांगा. निळी झाक असलेला पंख आणि कर्कश आवाज ही त्याची खूण. तो हिवाळ्यासाठी ओकची फळं जमिनीत पुरतो, काही विसरतो आणि त्यांतून नवे ओक उगवतात. करड्या खारी मात्र इथल्या मूळच्या नाहीत, १८७६ मध्ये अमेरिकेतून आणून सोडल्या. त्या झाडांची सालं सोलतात. त्यांना खायला घालू नका.

वारा-पाऊस असेल तर?

पावसात जा, वाऱ्यात जाऊ नका. हवामान खात्याने वाऱ्याचा पिवळा किंवा त्यावरचा इशारा दिला असेल तर बेत रद्द करा. जुन्या बीचच्या फांद्या प्रचंड जड असतात, आणि कडक उन्हाळ्यातल्या शांत दुपारीसुद्धा त्या अचानक तुटतात. म्हणून म्हाताऱ्या बीचखाली चादर अंथरू नका.

हरवलो तर?

इथली बहुतेक रानं छोटी आहेत, एक दिशा धरून चाललं की रस्ता किंवा शेत लागतं. सखल भागात फोनला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या.

गाडी नाही. रेल्वेने कुठे जाता येईल?

एपिंग फॉरेस्ट. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनने लाउटन किंवा थेडन बॉइसला उतरलं की थोडं चालून रानात. सुमारे २,४०० हेक्टरचं हे रान दक्षिणेला थेट मॅनर पार्कपर्यंत उतरतं, म्हणजे ईस्ट हॅमकरांच्या दारात. दाट झाडी हवी असेल तर मात्र लाउटनच्या बाजूलाच जा. छाटलेले हॉर्नबीम इथे जितके आहेत तितके क्वचित दिसतात. १८७८ च्या एपिंग फॉरेस्ट कायद्याने हे रान लोकांसाठी राखलं गेलं आणि १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरिया त्यासाठी स्वतः आली होती.

मँचेस्टर-शेफिल्डकरांसाठी ग्रिंडलफर्ड स्टेशनला लागून पॅडली गॉर्ज आहे, ओढ्याकाठचं शेवाळलेल्या ओकचं रान. बर्मिंगहॅमवाल्यांना वायर फॉरेस्ट आणि नॉटिंगहॅमवाल्यांना शेरवुड जवळ, पण ती स्टेशनला लागून नाहीत.

इतकी ॲशची झाडं वाळलेली का दिसतात?

एका बुरशीमुळे. ॲश डायबॅक हा रोग ब्रिटनमध्ये २०१२ साली आढळला आणि इथल्या ॲशपैकी ८० टक्क्यांपर्यंत झाडं त्यात जातील असा अंदाज आहे. वाळलेली ॲश ठिसूळ होते, म्हणून वाटेकडेची झाडं तोडावी लागतात. काही झाडं मात्र तग धरून आहेत आणि पुढची पिढी त्यांच्याच बियांतून यायची आशा आहे. बुरशीचे कण सडक्या पानांबरोबर पसरतात, तेव्हा एका रानातून दुसऱ्यात जाण्याआधी बुटांचा चिखल आणि पानं झाडून टाका.

आम्हाला रानासाठी काही करायचं असेल तर?

स्वयंसेवक म्हणून जा. अनेक वाइल्डलाइफ ट्रस्ट हिवाळ्यात कॉपिसिंगचे दिवस ठेवतात, साधारण ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे झाडं सुप्त असताना आणि पक्ष्यांनी घरटी बांधायच्या आधी. करवती आणि कोयते तिथेच मिळतात, वापरायला शिकवतात. अनुभव लागत नाही, पैसे लागत नाहीत. मुलांना नेता येईल का ते आधी विचारा, वयाची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. जुने कपडे, जाड हातमोजे आणि स्वतःचा डबा न्या. तोडलेला तुकडा कुठला ते नीट लक्षात ठेवा, म्हणजे पुढच्या आणि त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये तिथे काय उगवलं ते जाऊन पाहता येईल.